भौतिकशास्त्र आणि भूविज्ञानाची उदाहरणे कशी सोडवावीत: सूत्राच्या आधीचे काम

भौतिकशास्त्राचे किंवा भूविज्ञानाचे सुरुवातीच्या पातळीवरचे उदाहरण अडले की बहुतेक विद्यार्थी सर्वांत आधी विचारतात, "यात कोणते सूत्र लागते?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो फार लवकर विचारला जातो. सूत्र वापरणे ही उदाहरण सोडवण्यातली जवळजवळ शेवटची पायरी असते. त्याआधी परिस्थिती समजून घेणे, तिची आकृती काढणे, कशाकडे दुर्लक्ष करायचे ते ठरवणे आणि कोणता नियम लागू पडतो याचा निर्णय घेणे ही कामे असतात, आणि उत्तरे चुकतात ती बहुधा याच टप्प्यांवर. आकडेमोडीतली चूक एका ओळीत दुरुस्त होते. चुकीच्या गृहीतकावर केलेली तीन पानांची निर्दोष आकडेमोड मात्र पहिल्यापासून पुन्हा करावी लागते.

विज्ञानाच्या इतिहासात याचा एक ठळक दाखला आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६२ मध्ये पृथ्वीचे वय काढले. पृथ्वी सुरुवातीला वितळलेली होती आणि तेव्हापासून ती थंड होत आली आहे असे धरून, जमिनीत खोल जावे तसे तापमान किती वाढते यावरून त्यांनी हा काळ मोजला, आणि उत्तर आले २ कोटी ते ४० कोटी वर्षे. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. केल्व्हिन यांच्या गणितात चूक नव्हती. पृथ्वीच्या आतली उष्णता केवळ वहनाने बाहेर येते आणि आत नवी उष्णता तयार होत नाही, ही त्यांची गृहीतके होती. अंतर्भागातून उष्णता अधिक सहजपणे वर येत असेल तर वय कितीतरी पटींनी वाढते, हे जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये दाखवले, आणि १८९६ मध्ये बेकरेल यांनी किरणोत्सारिता शोधल्यावर आत उष्णतेचा स्रोत असल्याचेही पुढे स्पष्ट झाले. गृहपाठाच्या वहीपुरता याचा अर्थ एवढाच की, आपण काय गृहीत धरले आहे ते उत्तराच्या वरच, स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावे, म्हणजे उत्तर विचित्र आले तर प्रथम कुठे पाहायचे ते कळते.

प्रश्न वाचणे

प्रश्न दोनदा वाचावा. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊ नये आणि काय घडत आहे एवढेच समजून घ्यावे. दुसऱ्या वाचनात आकृती काढून तिच्यावर दिलेल्या राशी त्यांच्या एककांसह लिहाव्यात आणि काय काढायचे आहे तिथे प्रश्नचिन्ह टाकावे. आकृती सुबक असण्याची गरज नाही, परंतु ती मोठी असावी, कारण तिच्यावर बाण, कोन आणि अंतरे लिहायची असतात.

या विषयांतल्या प्रश्नांची भाषा ठरावीक असते आणि तिच्यात बरीच माहिती दडलेली असते. "स्थिर स्थितीतून" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. "गुळगुळीत पृष्ठभाग" म्हणजे घर्षण नाही. "वजनरहित दोरी" म्हणजे दोरीचे वस्तुमान शून्य मानायचे आणि म्हणून तिच्यातला ताण सर्वत्र सारखा धरायचा. "एकसमान वेगाने" या शब्दांत तर निम्मे उदाहरण सुटलेले असते, कारण वेग बदलत नसेल तर वस्तूवरच्या सर्व बलांची बेरीज शून्य असलीच पाहिजे. "सर्वोच्च बिंदूवर" हे शब्द आले की वर फेकलेल्या वस्तूचा उभा वेग त्या क्षणी शून्य असतो. तिचे त्वरण मात्र शून्य नसते, ते त्या क्षणीही ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि खालच्या दिशेनेच असते. हा फरक वरवर पाहता किरकोळ वाटतो, परंतु वेग आणि त्वरण या दोन कल्पना खरोखर वेगळ्या समजल्या आहेत की नाही हे याच ठिकाणी उघड होते.

चिन्हे आणि दिशा

वेग, विस्थापन, त्वरण आणि बल या सदिश राशी आहेत, म्हणून कोणती दिशा धन मानायची हे पहिल्या ओळीत ठरवावे आणि शेवटपर्यंत बदलू नये. पुढचे उदाहरण घेऊ: २० मीटर उंच कड्याच्या टोकावरून एक चेंडू १५ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, तो कड्याच्या पायथ्याशी किती वेळाने पडेल? हवेचा रोध सोडून द्यायचा आहे.

येथे अनेक जण उदाहरणाचे दोन तुकडे करतात: आधी वर जाण्याचा काळ, मग खाली येण्याचा काळ. ते चूक नाही, पण अनावश्यक आहे. वरची दिशा धन मानली तर सुरुवातीचा वेग अधिक १५, त्वरण उणे ९.८ आणि एकूण विस्थापन उणे २० आहे. चेंडू मध्ये किती उंच गेला याच्याशी विस्थापनाला कर्तव्य नाही. विस्थापन = सुरुवातीचा वेग × काळ + त्वरण × काळाचा वर्ग ÷ २ या समीकरणात हे आकडे घातले की ४.९ × काळाचा वर्ग − १५ × काळ − २० = ०, असे वर्गसमीकरण मिळते. त्याची उत्तरे ४.०७ सेकंद आणि उणे १.०० सेकंद अशी येतात.

उणे उत्तर खोडून टाकायला आपल्याला शिकवलेले असते. खोडण्याआधी त्याचा अर्थ मात्र पाहावा. समीकरणाला चेंडू कोणी आणि कुठून फेकला हे ठाऊक नाही. त्याला फक्त हालचालीचा मार्ग ठाऊक आहे. तोच चेंडू पायथ्यावरून, फेकण्याच्या क्षणाच्या १ सेकंद आधी, पुरेशा वेगाने वर फेकला असता तर तो कड्याच्या टोकापाशी नेमका १५ मीटर प्रति सेकंद वेगाने पोहोचला असता. उणे काळ हेच सांगतो. आपल्या प्रश्नात ती घटना घडलेली नाही, म्हणून ते उत्तर आपण सोडून देतो.

उत्तराची खातरजमा दुसऱ्या वाटेने होते. ४.०७ सेकंदांनंतरचा वेग १५ − ९.८ × ४.०७, म्हणजे सुमारे उणे २४.९ मीटर प्रति सेकंद येतो. ऊर्जेच्या नियमाने पाहिले तर पायथ्याशी वेगाचा वर्ग = १५ चा वर्ग + २ × ९.८ × २०, म्हणजे ६१७, आणि त्याचे वर्गमूळ २४.८. शेवटच्या अंकातला फरक काळ ४.०७ असा पूर्णांकित केल्यामुळे आला आहे. मधल्या पायऱ्यांत एखादा अंक जास्त ठेवावा तो याचसाठी.

नियम कोणता निवडायचा

प्रश्न काय विचारतो यावर बहुतेक वेळा नियमाची निवड ठरते. काळ किंवा त्वरण विचारले असेल तर बलांचा विचार करून न्यूटनच्या दुसऱ्या नियमाकडे जावे. काळाचा उल्लेखच नसून केवळ उंची आणि वेग यांचा संबंध हवा असेल तर ऊर्जेची वाट जवळची पडते. टक्कर किंवा स्फोट असेल तर संवेग अक्षय्य असतो, गतिज ऊर्जा असेलच असे नाही. २ किलोग्रॅमची गाडी ३ मीटर प्रति सेकंद वेगाने जाऊन १ किलोग्रॅमच्या स्थिर गाडीला चिकटली, तर दोघींचा मिळून वेग २ मीटर प्रति सेकंद होतो. परंतु गतिज ऊर्जा ९ ज्यूलवरून ६ ज्यूलवर येते. हेच उदाहरण कोणी गतिज ऊर्जा अक्षय्य धरून सोडवले तर वेग सुमारे २.४ येतो, जो दिसायला अगदी पटण्यासारखा असतो. म्हणून "हा नियम येथे का लागू आहे" याचे एका वाक्याचे कारण वहीत लिहिण्याची सवय लावावी.

आकडे शेवटी घालावेत

शक्य तिथे उदाहरण आधी अक्षरांत किंवा शब्दांत सोडवावे आणि आकडे अगदी शेवटी घालावेत. हा सल्ला विद्यार्थ्यांना सर्वांत नावडता असतो, कारण आकडे हाती आल्यावर काहीतरी पुढे सरकल्यासारखे वाटते. परंतु अक्षरांतल्या उत्तराला प्रश्न विचारता येतात, आकड्याला येत नाहीत.

उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचे उदाहरण पाहावे. मुक्त वस्तू आकृती (फक्त ती वस्तू आणि तिच्यावरची बले दाखवणारी आकृती) काढली की ठोकळ्यावर तीन बले दिसतात: सरळ खाली वजन, पृष्ठभागाला लंब असे अभिलंब बल आणि उताराच्या वरच्या दिशेने घर्षण. अक्ष उताराला समांतर आणि लंब घेतले तर फक्त वजनाचेच घटक पाडावे लागतात, आणि शेवटी त्वरण = गुरुत्व त्वरण × (कोनाची ज्या − घर्षण गुणांक × कोनाची कोज्या) असे मिळते; ज्या म्हणजे साइन आणि कोज्या म्हणजे कोसाइन. कोन ३० अंश आणि घर्षण गुणांक ०.२ असेल तर हे ३.२ मीटर प्रति सेकंद वर्ग येते.

आता आकड्यांआधीच्या समीकरणाकडे पाहू. त्यात वस्तुमान कुठेच नाही. म्हणजे प्रश्नात ठोकळ्याचे वस्तुमान, समजा ५ किलोग्रॅम, दिलेले असले तरी ते उत्तराला लागतच नाही आणि "दिलेले सगळे वापरले पाहिजे" हा समज येथे खोटा ठरतो. कोन ९० अंश केला तर त्वरण गुरुत्व त्वरणाइतके होते, जे बरोबर आहे, कारण तो ठोकळा आता मुक्तपणे पडतो आहे. कोन शून्य केला तर त्वरण उणे येते. याचा अर्थ सपाट पृष्ठभागावर ठेवलेला ठोकळा आपण होऊन उलट दिशेला निघतो असा घ्यायचा का? अर्थातच नाही. हे समीकरण "ठोकळा खाली घसरत आहे" या गृहीतकावर काढले होते आणि शून्य कोनाला ते गृहीतकच मोडते. तिथे स्थितिक घर्षण कामाला येते आणि ते ठोकळा थोपवण्यापुरतेच असते. केल्व्हिन यांच्या गणितासारखेच हे आहे, फक्त येथे समीकरण स्वतःच उणे चिन्ह दाखवून इशारा देते. ज्या आणि कोज्या यांची अदलाबदल झाली असेल तर तीही या दोन टोकांच्या तपासणीत लगेच सापडते.

एकके

प्रत्येक आकड्यामागे एकक लिहावे आणि गुणाकार-भागाकारात एककेही आकड्यांसारखीच छेदावीत. उत्तर वेगाचे हवे असताना एकक मीटर-सेकंद असे आले तर कुठेतरी भागाकाराच्या जागी गुणाकार झाला आहे, हे आकडा न पाहताही कळते. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी नष्ट झाले, कारण एका संगणक प्रणालीने आवेग पौंड-बल सेकंदांत दिला होता आणि दुसरी तो न्यूटन सेकंदांत आहे असे समजत होती. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे.

गृहपाठात बहुतेक वेळा एकके चुकतात ती वर्ग आणि घन करताना. १ किलोमीटर म्हणजे १,००० मीटर, पण १ घन किलोमीटर म्हणजे १०० कोटी घन मीटर. नकाशावरही हेच लागू आहे: १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, परंतु १ चौरस सेंटीमीटर म्हणजे पाव चौरस किलोमीटर.

पृथ्वीची सरासरी घनता काढण्याचे नेहमीचे उदाहरण यासाठी चांगले आहे. वस्तुमान ५.९७ गुणिले १० चा २४ वा घात किलोग्रॅम आणि त्रिज्या ६,३७१ किलोमीटर दिलेली असते. त्रिज्येचे आधी मीटर करून मग घन केला तर आकारमान १.०८ गुणिले १० चा २१ वा घात घन मीटर आणि घनता सुमारे ५,५०० किलोग्रॅम प्रति घन मीटर येते. चुकून त्रिज्येऐवजी व्यास घेतला तर आकारमान ८ पट वाढते आणि घनता ६९० च्या आसपास उतरते, म्हणजे पृथ्वी पाण्यापेक्षा हलकी ठरते. पाण्याची घनता १,००० आहे एवढे लक्षात असले तरी ही चूक नजरेतून सुटत नाही. बरोबर उत्तर आल्यावरही तिथे थांबू नये. भूपृष्ठावरचे सामान्य खडक २,७०० ते ३,००० घनतेचे असतात. मग सरासरी ५,५०० येण्यासाठी अंतर्भागात याहून पुष्कळ घन पदार्थ असला पाहिजे. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये पीळ तराजूने पृथ्वीची घनता पाण्याच्या जवळपास साडेपाच पट असल्याचे मोजले होते, म्हणजे पृथ्वीच्या गाभ्याविषयीचा हा तर्क भूकंपाच्या तरंगांचा अभ्यास सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून करता येत होता.

भूविज्ञानाची उदाहरणे वेगळी कशी आहेत

भौतिकशास्त्राच्या उदाहरणात परिस्थिती स्वच्छ करून दिलेली असते. भूविज्ञानात तसे नसते. तिथे आलेख, नकाशे आणि तक्ते वाचावे लागतात, संख्या फार मोठ्या किंवा फार लहान असतात आणि उत्तर "सुमारे" असेच असते. म्हणून तिथे सूत्रापेक्षा सूत्राची मर्यादा जास्त महत्त्वाची ठरते. भूपृष्ठाजवळ दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ अंश सेल्सिअसने वाढते. हाच दर पृथ्वीच्या केंद्रापर्यंत ताणला तर तिथे दीड लाख अंशांहून जास्त तापमान येते. प्रत्यक्षात ते ५,००० ते ६,००० अंशांच्या घरात असल्याचे अनुमान आहे. वरच्या काही किलोमीटरांत मोजलेला दर खोलवर चालत नाही, कारण प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, उष्णता मुख्यतः अभिसरणाने, म्हणजे पदार्थच वर-खाली फिरून, वर येते. आलेखातली सरळ रेषा जिथपर्यंत मोजलेली आहे तिथपर्यंतच विश्वासाने वापरावी.

भूकंपाचे अंतर काढण्याच्या उदाहरणात प्राथमिक तरंग आणि दुय्यम तरंग यांच्या आगमनातला फरक दिलेला असतो. प्राथमिक तरंगांचा वेग ६ आणि दुय्यम तरंगांचा ३.५ किलोमीटर प्रति सेकंद मानला, आणि दोन्ही २४ सेकंदांच्या अंतराने पोहोचले, तर अनेक विद्यार्थी २४ ला २.५ या वेगांच्या फरकाने गुणतात आणि ६० किलोमीटर उत्तर काढतात. एकक बरोबर, तर्क चूक. दोन्ही तरंगांनी कापलेले अंतर सारखे आहे, लागलेला काळ वेगळा आहे. म्हणून अंतर ÷ ३.५ − अंतर ÷ ६ = २४ असे लिहावे लागते. यावरून अंतर सुमारे २०० किलोमीटर येते. येथे एककांची तपासणी पुरेशी पडत नाही, उत्तर मूळ प्रश्नात परत घालून पाहावे लागते: ६० किलोमीटरला प्राथमिक तरंग १० सेकंद आणि दुय्यम तरंग १७ सेकंद घेतात, फरक फक्त ७ सेकंद.

हे २०० किलोमीटर भूकंपनाभीपर्यंतचे, म्हणजे जमिनीखाली भूकंप जिथे सुरू झाला त्या जागेपर्यंतचे अंतर आहे, तिच्या सरळ वर भूपृष्ठावर असलेल्या अपिकेंद्रापर्यंतचे नव्हे. नाभी ५० किलोमीटर खोल असेल तर पायथागोरसच्या प्रमेयाने अपिकेंद्र सुमारे १९४ किलोमीटरवर येते. अंतर कळले तरी दिशा कळत नाही, म्हणून तीन भूकंपमापन केंद्रांभोवती वर्तुळे काढावी लागतात. हजारो किलोमीटर दूरच्या भूकंपासाठी ही रीत वापरू नये. खोलीबरोबर तरंगांचा वेग बदलतो आणि तिथे प्रवासकाळाचा आलेखच वाचावा लागतो.

भूकंपाच्या महत्तेच्या (मॅग्निट्यूडच्या) उदाहरणांत बेरीज आणि गुणाकार यांची गल्लत होते. महत्ता १ ने वाढली की ठरावीक अंतरावरील भूकंपलेखाचा कंपविस्तार १० पट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. महत्ता ५ आणि ७ यांच्यात ऊर्जेचा फरक ३२ अधिक ३२ असा ६४ पट नसून ३२ गुणिले ३२, म्हणजे सुमारे १,००० पट आहे. महत्तेत केवळ ०.२ ची वाढ झाली तरी ऊर्जा जवळपास दुप्पट होते.

किरणोत्सारी कालमापनात सूत्र सोपे असते, अडचण प्रश्नाच्या शब्दांत असते. "मूळ समस्थानिकाचा एक अष्टमांश भाग उरला आहे" म्हणजे तीन अर्धायुष्ये उलटली; अर्धायुष्य म्हणजे मूळ अणूंपैकी निम्मे उरायला लागणारा काळ. कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाळ ५,७३० वर्षे असल्याने वय १७,१९० वर्षे. परंतु "जन्य (मूळ अणूंपासून तयार झालेल्या) आणि मूळ अणूंचे प्रमाण ३:१ आहे" असे म्हटले असेल तर उरलेला मूळ भाग एक तृतीयांश नसून एक चतुर्थांश असतो, कारण सुरुवातीचे सर्व अणू म्हणजे आजचे मूळ आणि जन्य यांची बेरीज. म्हणून दोन अर्धायुष्ये. सुरुवातीला जन्य अणू मुळीच नव्हते आणि मधल्या काळात काही आत-बाहेर गेले नाही, ही गृहीतकेही या उत्तरात दडलेली आहेत. २० टक्के उरले असतील तर लॉगॅरिदम घेण्याआधी अंदाज बांधावा: २५ टक्क्यांना दोन आणि १२.५ टक्क्यांना तीन अर्धायुष्ये, म्हणजे उत्तर ११,४६० आणि १७,१९० वर्षांच्या मध्ये हवे. प्रत्यक्ष उत्तर सुमारे १३,३०० वर्षे येते. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरच्या हाडाचे वय कार्बनने का काढत नाहीत हा प्रश्नही यातच सुटतो: तेवढ्या काळात ११,००० हून अधिक अर्धायुष्ये होतात आणि मोजण्यासारखे काही उरत नाही. तिथे १२५ कोटी वर्षे अर्धायुष्याचे पोटॅशियम-४० किंवा ४४७ कोटी वर्षे अर्धायुष्याचे युरेनियम-२३८ लागते.

भूपट्टांच्या हालचालीसाठी एकच रूपांतर पाठ असावे: वर्षाला १ सेंटीमीटर म्हणजे १० लाख वर्षांत १० किलोमीटर. समजा, सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उलटल्याची सीमारेषा मध्य-महासागरीय पर्वतरांगेच्या अक्षापासून १० किलोमीटरवर सापडली. १० ला ०.७८ ने भागले की १० लाख वर्षांत १२.८ किलोमीटर, म्हणजे वर्षाला १.३ सेंटीमीटर. हा एका बाजूचा दर आहे. दोन भूपट्ट एकमेकांपासून किती वेगाने दूर जात आहेत असे विचारले असेल तर उत्तर दुप्पट, सुमारे २.६ सेंटीमीटर. प्रश्नात "अक्षापासून" म्हटले आहे की "दोन्ही सीमारेषांमधले अंतर", हे वाचताना बोट ठेवून पाहावे.

पर्वताच्या मुळांचे उदाहरण मला या सगळ्यांत अधिक शिकवणारे वाटते. १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार हलके कवच जड प्रावरणावर तरंगते आणि उंच पर्वताखाली कवचाचे मूळ खोल गेलेले असते. पुरेशा खोलीवर सर्व ठिकाणी दाब सारखा असला पाहिजे असे लिहिले की मुळाची खोली = पर्वताची उंची × कवचाची घनता ÷ (प्रावरणाची घनता − कवचाची घनता) असे मिळते. घनता २,८०० आणि ३,३०० घेतल्या तर ४ किलोमीटर उंचीच्या पर्वताखाली २२.४ किलोमीटरचे मूळ असते. आता प्रावरणाची घनता ३,३०० ऐवजी ३,२०० घ्यावी. बदल केवळ ३ टक्क्यांचा आहे, परंतु मूळ २८ किलोमीटर होते, म्हणजे २५ टक्क्यांनी वाढते. छेदात जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी आली की दिलेल्या आकड्यांतली लहानशी अनिश्चितता उत्तरात फुगते. अशा वेळी २२.४ लिहिण्यात अर्थ नाही, "सुमारे २० ते ३० किलोमीटर" हे अधिक प्रामाणिक उत्तर आहे. सार्थ अंकांचा नियम म्हणून जो पाठ केला जातो त्यामागचे खरे कारण येथे दिसते. याच मांडणीतून असेही निघते की पर्वताच्या माथ्यावरचा १ किलोमीटर जाडीचा खडक झिजून गेला तरी भार कमी झाल्याने कवच वर उचलले जाते आणि उंची केवळ सुमारे १५० मीटरने घटते; झीज होत असूनही पर्वत कोट्यवधी वर्षे कसे टिकतात याचा मोठा भाग त्यातून उलगडतो.

उत्तर जुळत नसेल तर

पुस्तकाच्या मागे दिलेले उत्तर आणि आपले उत्तर जुळत नसेल तर सगळे खोडण्याआधी दोन्हींचा भागाकार करून पाहावा, कारण चुकीचा पत्ता बहुधा त्या गुणोत्तरातच असतो. गुणोत्तर ९.८ आले तर वस्तुमान आणि वजन यांची गल्लत झालेली असते. ३.६ आले तर किलोमीटर प्रति तास आणि मीटर प्रति सेकंद यांची. २, ४ किंवा ८ आले तर त्रिज्येच्या जागी व्यास, किंवा जाऊन-येऊनच्या अंतराच्या जागी एकाच बाजूचे अंतर घेतलेले असण्याचा संभव मोठा आहे. १,००० किंवा त्याचा घात आला तर एककांचे रूपांतर तपासावे. कोनाच्या उदाहरणात गुणोत्तर त्या कोनाच्या स्पर्शज्येइतके (टॅन्जंटइतके) असेल तर ज्या आणि कोज्या उलटसुलट झाल्या आहेत. ते कशाशीच जुळत नसेल तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनमध्ये तर नाही ना, ते पाहावे. फरक २ टक्क्यांच्या आसपास असेल तर पुस्तकाने गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १० घेतले असावे आणि आपले उत्तर बदलण्याचे कारण नाही.

यांपैकी काहीच लागू पडत नसेल तर उदाहरण दुसऱ्या वाटेने सोडवावे: बलांनी सोडवले असेल तर ऊर्जेने, सूत्राने काढले असेल तर आलेखावरून. दुसऱ्या वाटेने वेगळे उत्तर आले तर दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून त्या प्रथम कोणत्या ओळीत वेगळ्या होतात ते शोधावे. तेच उत्तर पुन्हा आले तर पुस्तकातले उत्तर चुकीचे असू शकते, छापील उत्तरसूचींत चुका असतात. मात्र त्याआधी प्रश्न तिसऱ्यांदा वाचून, विचारलेली राशी आणि आपण काढलेली राशी एकच आहे याची खात्री करावी. कोणाची मदत घ्यायची झाली तर नुसते "हे उदाहरण येत नाही" असे न सांगता आकृती, गृहीतके, निवडलेला नियम आणि अडलेली ओळ असे चारही दाखवावे, म्हणजे सांगणाऱ्याला सगळे उदाहरण सोडवून द्यावे लागत नाही आणि त्या ओळीपुरतेच बोलता येते.